लाल ठिपक्यांचा जोंधळा

५ जाने.
अवकाळी पाऊस येऊन गेला, आभाळ अजून भरलेलंच. विहिरीजवळच्या वाफ्यात हुरड्याचा जोंधळा बघायला गेले. निम्म्या उभ्या ताटांच्या पानांवर लाल ठिपके, कुंकू शिंपडल्यागत. बाकीची हिरवीगार. हे बियाणं थोरल्या जाऊबाईंनी, अक्कांनी, माजलगावला लेकाकडं राहायला जाताना माझ्या ओटीत घातलेलं. आता दुसऱ्या कुणाकडंच न्हाई.

६ जाने.
ठिपक्यांची सगळी ताटं उपटली. दाणा नुकता चिकातून घट्ट व्हायला लागलेला, जीव तुटला. पण रोग पसरला तर बियाणंच बुडायचं. हे बांधावरून म्हणाले, "कावून घाई करतीस? आठ दिस थांब की." ऐकलं न्हाई. पेंढ्या शेजारच्या धोंडीबाच्या म्हशीला दिल्या. रात्री झोप छान लागली.

१८ जाने.
हिरवी राहिलेली ताटं भाजल्यागत काळवंडली. कणसं हातात चुरगाळली तर नुसता भुसा. एक धड न्हाई. असं कसं? घाण तर काढली होती मी.
जेवण गेलं न्हाई.

१९ जाने.
भाची रेखा आली. पिकांच्या रोगांवर शिकते. बांधावर पडलेलं ठिपक्याचं एक वाळकं पान तिनं उन्हाकडं धरलं. म्हणाली, "मावशी, हे ठिपके झाडानंच केलेत."
तिनं दोनदा समजावलं तेव्हा कळलं. बुरशी पानात शिरायला लागली की झाडाला तिची ओळख पटते, नि झाडाच्या पेशीतली झोपलेली जनुकं जागी होतात. मग तिथल्या तिथं लाल विष तयार होतं. ती पेशी स्वतः मरते, बुरशीलाही कोंडून मारते. हिरव्या ताटांना बुरशीची ओळखच पटली न्हाई वेळेवर. म्हणून ती एवढी छान दिसत होती.
म्हणजे मी...
हात बघत बसले कितीतरी वेळ. ह्याच हातांनी. आणि झोप छान लागली होती.

२० जाने.
धोंडीबाकडं गेले. म्हशीनं सगळं फस्त केलेलं. निघाले, तर चौकटीला कणसांची जुडी दिसली. त्याच्या बायकोनं त्यातलीच चार-पाच कापून चिमण्यांसाठी टांगलेली. चिमण्यांनी बरीच टिपलीत. राहिलेला दाणा सुरकुतलेला, कोवळा. पदरात बांधून आणला.

२२ जाने.
माजलगाव. अक्कांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "निवडून निवडून गुणाचं तेवढंच उपटलंस की गं." मी मान खाली. "धाकटी, पर शानी लई."
पुरचुंडी मागितली. एक दाणा नखानं दाबून बघितला, दुसरा दाबला. परत माझ्या हातात ठेवली. "भिजवून बघ आधी. कोंब आला तर हाय, न्हाई तर न्हाई."
उठवेना तिथून. त्यांनीच चहा ठेवायला लावला सुनेला.

२७ जाने.
थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधले होते, आज सोडले. बरेच बुळबुळीत झालेत. एकाच्या टोकाला पांढरं काहीतरी दिसतंय. कोंब की बुरशी, माझ्या डोळ्यांना कळेना. ह्यांना दाखवलं. चष्मा लावून बघितलं त्यांनीही. टाकून द्यावा का, विचारलं मी.
त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.
फडकं ओलं करून परत बांधलं.