डावीकडे चार सेंटिमीटर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
गाडी पुसून झाली. बॉनेटवर वही ठेवून लिहितो आहे. काल संध्याकाळी या गावात आलो. खोली गोदामाच्या वर आहे, पण खाली सिमेंटचं सपाट अंगण आहे आणि गाडी खिडकीतून दिसते. मला आणखी काय हवं?
गाडी पोलिसांची होती. लिलावात १,४०,००० ला मिळाली. त्यातले ३०,००० माझे. बाकीचे १,१०,००० ताईचे, शिलाईचं स्वतःचं दुकान काढायला तिने सात वर्षं साठवलेले. नववीत शाळा सोडलेल्या भावावर एवढा भरवसा कोण टाकतं? ती म्हणाली, दुकान पळून जात नाही, आधी तू पायावर उभा राहा. रोज लिहीत जा, म्हणजे हिशेब चुकत नाही, असंही म्हणाली. म्हणून ही वही.
आजपासून भाडी मारायची. पहिलं भाडं दवाखान्याचं आहे, आठ वाजता.

बुधवार, ५ मार्च. रात्री ८.
गाडी गॅरेजवाल्या काकांना दाखवली. त्यांनी आधी किलोमीटरच्या काट्याकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, पोरा, हा आकडा बघून भाळलास ना? पोलिसांची गाडी पळते कमी आणि इंजिन चालू ठेवून उभी राहते जास्त. काटा हलत नाही, इंजिन मात्र झिजतं. शिवाय पळते तेव्हा जीव घेऊन पळते, म्हणून ब्रेक आधी जातात. वायरलेसच्या जुन्या वायरी तशाच राहिल्या होत्या, त्या बॅटरी पीत होत्या. टपावरच्या दिव्याची भोकं नुसती रंगाने बुजवली होती.
ब्रेक पॅड ३,२००. बॅटरी ४,५००. इंजिनखालचे रबरी माउंटिंग २,६००. मागच्या दोन्ही स्प्रिंग ५,०००. भोकं बुजवणं ४००. मजुरी १,८००. एकूण १७,५००. दिले १०,०००, बाकी ७,५००.
मागची डावी स्प्रिंग तुटलेलीच होती. काका म्हणाले, या गाड्यांत धरलेला माणूस डावीकडे बसवत असतील, ती बाजू आधी बसते. नव्या स्प्रिंग घातल्यावर त्यांनी जमिनीपासून चाकावरच्या पत्र्यापर्यंत मोजून दाखवलं. डावीकडे ६८, उजवीकडे ६८ सेंटिमीटर.
ताईला फोनवर सांगितलं, किरकोळ काम निघालं.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ६.३०.
डावीकडे ६४, उजवीकडे ६८. तीनदा मोजलं. गाडी रिकामी आहे.

शनिवार, ८ मार्च.
मला काकांचा संशय येतो. जुन्या स्प्रिंग रंगवून नव्या म्हणून घातल्या असतील. नवखा माणूस म्हटल्यावर कोण सोडतो? त्यांना तसं आडून विचारलं. ते चिडले नाहीत, उलट स्प्रिंगांचा खोका आणून दाखवला. मग म्हणाले, ही स्प्रिंग चार सेंटिमीटर दबायची तर पंचाहत्तर-ऐंशी किलोचा माणूस बसायला हवा. मागे काही ठेवलंयस का? मी काहीच ठेवलेलं नाही.
घरमालकिणीचा मुलगा फोनवर बोलायला माझ्या गाडीत बसत असावा. आज मागच्या दोन्ही दारांना दोरा बांधला.

रविवार, ९ मार्च.
दोरे शाबूत आहेत. डावीकडे ६४.
आणि मुलगा बसत असता तरी तो उतरल्यावर गाडी वर यायला हवी. हे काल सुचायला हवं होतं.

सोमवार, २४ मार्च. दुपारी १.
डावी स्प्रिंग तुटली. चढावर नाही, खड्ड्यात नाही. गाडी अंगणात उभी होती आणि मी जेवत होतो. नवी स्प्रिंग एकोणीस दिवस टिकली. काका म्हणाले की सतत ओझं असलं तर लोखंडसुद्धा थकतं. मी म्हटलं, कसलं ओझं? ते हात पुसत आत गेले.
उद्या दुसऱ्या दुकानातून स्प्रिंग आणणार. जोडी ६,२००, मजुरी ८००.

गुरुवार, २७ मार्च.
नवी जोडीही दुसऱ्या दिवशी ६४.
ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. कागदावर रिकाम्या गाडीचं वजन १,१२० आहे. मी खाली उतरून उभा राहिलो. काटेवाला आकड्यावरची नजर न काढता म्हणाला, रिकामं वजन हवंय ना, मग मागच्यालाही उतरव की. मी विचारलं, कुठल्या मागच्याला? तेव्हा त्याने मान वर करून बघितलं. मग पावती फाडली आणि ५० घेतले.
पावतीवर १,२०० आहे.

मंगळवार, १ एप्रिल.
प्रवासी उजवीकडेच बसतात. मी कोणाला सांगत नाही. आज एका बाईंबरोबर दोन मुलं होती. डावीकडे जागा होती तरी बाईंनी दोघांना मांडीवर घेतलं.
गाडी विकावी? ताईचे पैसे निम्मेही येणार नाहीत.
तिला कळवलं, सगळं छान चाललंय.

रविवार, ६ एप्रिल. संध्याकाळी.
ताई आली होती, न कळवता. म्हणाली, भावाची गाडी बघायची, त्याला आमंत्रण लागतं होय?
मी पुढचं दार उघडलं. ती म्हणाली, पुढे ड्रायव्हरचे दोस्त बसतात, मी ऐटीत मागे बसणार. आणि डावीकडे बसली.
नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. स्प्रिंग, वजन, १७,५००, सगळंच. मी गाडी सुरू केली. गाव दाखवलं. आरशात ती जरा वाकडी बसलेली दिसत होती. बसस्टँडवर उतरताना म्हणाली, खांदा अवघडला.

सोमवार, ७ एप्रिल. सकाळी ६.१५.
६८ आणि ६८.
तीनदा मोजलं. वजनकाट्यावर १,१२०. ५० दिले.
काकांनी पाठ थोपटली, म्हणाले, बसली बघ स्प्रिंग जागेवर. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं.

बुधवार, १६ एप्रिल.
रोज ६८. भाडी दुप्पट. लोक डावीकडे बसतात. काकांना ५,००० दिले.
ताईचा फोन आला. हसत होती. मशीनसमोरचं बाक म्हणे मोडलं. ती एका टोकाला बसली होती, आणि मोडलं दुसरं टोक, जिथे कोणी बसत नाही. म्हणाली, मी जाड झाले की काय रे?
ताई पंचेचाळीस किलोची आहे.
माझ्या हे आधी लक्षात यायला—
आलं होतं. सात तारखेलाच आलं होतं.

गुरुवार, २४ एप्रिल. दुपारी ३.
ताईच्या दारात. गाडीत बसून लिहितो आहे.
सगळं सांगितलं. वही दाखवली. म्हटलं, एकदा गाडीत बस, डावीकडे, मग उजव्या दाराने उतर. म्हणजे ते परत—
नाही म्हणाली.
म्हणाली, बसमध्येच कळलं होतं. शेजारची जागा रिकामी, आणि कोणीतरी डाव्या खांद्यावर रेलून— झोपल्यासारखं. म्हणाली, तुझी गाडी चालू लागलीय ना, मग चालू दे. मला सवय होईल.
हात धरून ओढलं. हलली नाही. मला ती ओढवली नाही.
दारात उभी आहे. चौकटीला धरून. डावा खांदा खाली गेलाय. टेप खिशात आहे— काढली नाही.
एकोणीस दिवस टिकली होती. लोखंडाची होती.
आज ताईचा अठरावा.
हिशेब लिहितो.
खर्च: काका १५,०००. दुसरी जोडी, मजुरीसह ७,०००. वजनकाटा १००. एकूण २२,१००.
देणं: काका २,५००.
ताई १,१०,००० आणि