घरात नसलेली जळमटं

४ मार्च
नांदेडच्या डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज काय दिसलं, काय न्हाई, लिहून ठेवा. मला कुठं लिहिता येतं? मी सांगायचं, सुनेनं लिहायचं. सुनंदा दहावी झालेली. तिच्या शिक्षणाचा मला पहिल्यांदा उपयोग. (हे पण लिही. तोंड वाकडं करू नको, दिसत नसलं तरी कळतं.)

झालं असं. मागच्या आठवड्यात मला घरभर जळमटं दिसू लागली. काळे दोरे, मधीमधी काजळीचे ठिपके. हिला म्हणलं, काय माय, हे घर आहे का मसणवाटा? हिनं झाडलं. मला तिथंच दिसून राहिली. पुन्हा झाडाय लावलं. टेबलावर चढून पार पत्र्यापर्यंत झाडलं बिचारीनं, उतरताना लोखंडी पेटीची कड पायाला लागली. तरी मी म्हणले, कोपरा राहिला.

दुसऱ्या दिवशी हंडा उचलायला वाकले आन् डोळ्यापुढं तांबडं-काळं पाणी पसरलं. तवा कळलं जळमटं कुठं होती.

डावा डोळा साखरेनं कवाच नेला. हा उजवा एकच.

६ मार्च
डॉक्टरचं बोलणं लिहायचं राहिलं. साखरेनं डोळ्यातल्या नसा कच्च्या झाल्या, एक फुटली, आत रक्त उतरलं. मागं पडदा असतो म्हणे, तो झाकला. मी म्हणले, "मला दिसंना, तुमाला तरी दिसतं का?" म्हणाले, "आजी, रक्त खाली बसल्याशिवाय मलाही मागचं दिसत नाही." म्हणजे मी आतून आंधळी, ते बाहेरून. फीस मात्र मलाच.

डोळ्याची सोनोग्राफी केली. पडदा अजून जागेवर आहे, पण सुटला तर… पुढचं दत्ताला बाहेर नेऊन सांगितलं. दत्ता माझा ल्योक. आत आला आन् माझा हात धरला. मिशा फुटल्यापासून त्यानं कधी माझा हात धरला न्हाई. तिथंच समजले.

डोळ्यात सुई दिली. दिसली असती तर पळाले असते.

९ मार्च
वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई, आडवं झोपायचं न्हाई. हळदीची पोती पाठीशी लावून मला बसवलं. मांडलेली गौर जशी. फक्त आरती राहिली.

शेजारीण आली. "डोळा तर ठणठणीत आहे, रक्त कुठं आहे?" म्हणलं, उघडून दाखवू का?

दिसलं : उजेड. बस.

१२ मार्च
काही न्हाई.
लिही, काही न्हाई. दुसरं काय लिहिणार.

१३ मार्च
न्हाणीघरात जाताना ठेचकाळले. हिनं धरलं तर हिच्यावरच ओरडले. डोळा उघडा ठेवला काय आन् मिटला काय. असं जगायचं असलं तर… हे खोड. न्हाई, राहू दे.

१७ मार्च
दिसलं! सकाळी खालून उजेड फुटला. डॉक्टर फोनवर म्हणाले, डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून रक्त बुडाला बसलं की आधी खालचंच दिसतं. वर अजून काळा पडदा. म्हणून सगळ्या घराला पायच आहेत, तोंड कुणालाच न्हाई. दत्ताचे हळदीनं पिवळे झालेले पाय. कोंबडीचे पाय. मान वर करून बघितलं की तोंडाचं थोडं कळतं, पण लोक म्हणतील म्हातारीला गर्व चढला.

आन् हिचा पाय. चिंधी बांधलेली, ओली. भवती काळपट.
"हे कधीचं?"
"काही न्हाई आत्याबाई, ती पेटी लागली होती न्हाई का."
"ती अजून भरली न्हाई?"
"दुखत न्हाई."
दुखत न्हाई म्हणली तवाच ओळखलं. माझी साखर निघाली तवा माझी बी जखम अशीच होती. न दुखणारी.

१८ मार्च
ही आज लिहायला तयार न्हाई. लिही म्हणलं. हिला म्हणलं, साखर तपास. तर म्हणते, हळद शिजून वाळली की जाते. मी बी असंच म्हणायची. तूर निघाली की जाते, कापूस वेचला की जाते. तेवढ्यात डावा गेला.

तू जाईपर्यंत मी डोळ्यात थेंब घालणार न्हाई म्हणलं. हिनं बाटली हातात धरून रडून घेतलं. मग दत्ता गाडीवर कळमनुरीला घेऊन गेला.

निघाली साखर.

२५ मार्च
काल लिहिलं न्हाई. लिहिणारीच्याच डोळ्यात औषध होतं. दोघी नांदेडला गेलो, हिची बाहुली मोठी करून आत बघितलं. परत येताना हिला अक्षर लागंना. वारंगा फाट्याला दोघी एकमेकीला धरून उभ्या, एसटीची पाटी वाचायची कुणी?
"दहावी झाली ना, वाच."
"आज तुमीच वाचा आत्याबाई."
हसलो. मग हसू थांबंना, मग ते हसू राहिलं न्हाई.

हिच्या पडद्यावर बारीक ठिपके निघाले. रक्त उतरलं न्हाई अजून. म्हणाले, बरं झालं आताच आणलं.

माझ्या डोळ्याचा मागचा पडदा ओढला जाऊन राहिला. ऑपरेशन. "दिसंल का?" विचारलं. म्हणाले, "सांगता येत नाही आजी. नाही केलं तर मात्र जाणार."

२९ मार्च
पहाटं डोळ्यापुढं पुन्हा काळं आलं, धुरावानी. नवं रक्त. पाय बी गेले सगळ्यांचे. परवा ऑपरेशन.

हिला म्हणलं, पाय दे.
"आत्याबाई, तुमाला पाय लावू? पाप लागंल."
"मला वाकायची मनाई आहे. तूच वर घे."
लय वेळ उभी राहिली. मग बाजंवर बसून पाय माझ्या मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांत हिनं माझ्या पाया पडायचं, मी हिच्या चुका काढायच्या. टाच किती भेगाळली माय. पट्टीच्या कडंनं बोट फिरवलं. सूज उतरल्यासारखी वाटते. हाताला गरम बी लागत न्हाई.

पट्टी सोड आन् आत कसं आहे ते बघून लिही. मला न्हाई दिसत. खरं लिही.