खडूची बोट

६ मे १९८४, रविवार
अखेर आखली. पुढच्या खोलीतला दिवाण, टेबल, खुर्च्या सगळं शेजारच्या जाधववहिनींच्या ओट्यावर. शाळेतल्या खडूने फरशीवर बोट काढली, कोकणातल्या नाखवांनी दिलेल्या मापाची. लांबी बरी आहे. रुंदी म्हणजे... आपलं न्हाणीघर बरं. सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघांनी रेषेच्या आतच राहायचं. स्टोव्ह, अंथरूण, पाण्याचा कॅन, सगळं आत. अगदी नाइलाज असेल तेव्हाच बाहेर. जमलं तर नाखवांनी विकायला काढलेली शिडाची बोट घ्यायची आणि माझी नोकरी संपली की तिच्यावरच राहायचं. पावसाच्या आत कळवायचंय, त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे.

लहानपणी आत्याकडे गेले होते तेव्हा खाडीत एका बोटीवर बाई भाकऱ्या भाजत होती, वर पाळणा टांगलेला. घरासकट हिंडायचं. तेव्हापासून हेच डोक्यात. आज ती बोट पुढच्या खोलीत आहे. झोप कसली येतेय.

७ मे
हे म्हणाले, "उभी नोकरी नोटांच्या प्रेसच्या गेटवर झडती देऊन आत-बाहेर केलं. तुझ्या खडूला काय घाबरायचं?" आणि चहाचा कप हातात घेऊन सरळ समुद्रातून चालत गेले, पेपर आणायला.

९ मे
जाधववहिनी दारात. "बाई, आत येऊ का?" या म्हटलं, पण गुडघे सांभाळा, बाहेर पाणी आहे. "भूगोल शिकवून शिकवून डोक्यात गेलाय तुमच्या." गेलाच आहे. दुपारभर बसल्या मात्र त्याच.

१२ मे
फजिती. सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "अगं सुमन, बोट चौकोनी असते का?"
एवढी भूगोलाची बाई, आणि काढली ती खोली! पुढून निमुळती नको? पुसून पुन्हा काढली. म्हणजे इतके दिवस यांचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात होते. हसून हसून पोटात दुखलं. आता दोघांचे पाय एकाच टोकाला येतात. लग्न नवं होतं तेव्हाही इतके... असो.

१५ मे, बुद्धपौर्णिमा
बुद्धवंदना रेषेच्या आतच घेतली. एकच स्टोव्ह, भात उतरवून मग खीर. पुण्याहून लेक, माया, आली. उंबऱ्यातच उभी राहून मला बोलली. "लोक काय म्हणतील ते म्हणू देत. पण बाबांना पोहता तरी येतं का?"
यांनी मान खाली घालून खीर संपवली.

१६ मे
माया गेली. मी म्हटलं, काय ते सरळ सांगा. म्हणाले, "खडूच्या बोटीत कोणी बुडत नाही, म्हणून बसलोय. खऱ्या पाण्याची भीती वाटते मला. लहानपणापासून." एवढा संसार झाला, एकदाही बोलले नाहीत. पंचवटीत गंगेवर गेलो की मी पोहायचे आणि हे पायरीवर कपडे राखत बसायचे. मला वाटायचं आळस.
"मग मी एकटी जाऊ?"
"जाशील?"
हो म्हटलं. मनापासून म्हटलं. नंतर पोळ्या लाटताना खूप रडू आलं. हे आतल्या खोलीत झोपले.

२० मे
मालेगावहून मागवलेलं जाड कापड आलं, शिडाच्या नमुन्याचं. खिडकीला बांधून पाहिलं तर वाऱ्याने असं फुगलं की अंगावर काटा आला. दाखवायला हे घरात नाहीत. रोज सकाळी पंचवटीत मित्राकडे जातात म्हणे. कसला मित्र, देव जाणे. बोटीत ऐसपैस जागा झालीय. एकटीला मजा येत नाही.

२४ मे
आज आले तर केस ओले. काखेखाली दोरीचे लाल वळ.
"कुठून आलात?"
"गंगेवरून. पोहायला शिकतोय. पाठीला रिकामा डबा बांधतात. बरोबरची सगळी पोरं दुसरी-तिसरीतली, मला बघून खिदळतात."
पायरी न सोडणारा माणूस रोज सकाळी बस पकडून पाण्यात उतरत होता आणि मी इथे तोंड फुगवून बसलेली. इतका आनंद मला बोटीचाही झाला नव्हता.
"म्हणजे येताय?"
"येतो कुठे म्हटलं? डबा सोडला की अजून बुडतो." रेषेच्या आत येऊन बसले, टॉवेल मागितला. "नाखवांना लिही, डबा सुटेपर्यंत थांबा म्हणावं."
थांबतील का, कोण जाणे. पत्र लिहायला घेतलंय.