शेवटच्या शेताचं पाणी

प्रिय ढेकळ्या,

अख्खा देश तुला साहेब म्हणतो, पण माझ्या तोंडात हेच बसलंय. रांगायला लागल्यापासून शेतातली ढेकळं तोंडात घालायचास, त्याला मी तरी काय करू? परवा टीव्हीवर दिसलास. केस पार पिकलेत. भाषणात पुन्हा तेच, मी शेतकऱ्याचा मुलगा. मुलगा कसला रे, तू स्वतःच शेतकरी होतास, आणि चांगला होतास.

लोकांनी तुला उगाच डोक्यावर घेतलं नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवायला तुला पुढे केलं, तेव्हा तू जेमतेम सव्वीस वर्षांचा. तोवर पाणी वरच्या शेतापासून सुटायचं आणि खालच्यांच्या वाट्याला चिखल यायचा. तू उलटं केलंस. आधी कालव्याच्या टोकाचं शेत, मग त्याच्या वरचं, आणि आपलं सगळ्यात शेवटी. त्या वर्षी आपला कांदा उभ्या उभ्या वाळला. बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत, मीच तुला चोरून जेवायला वाढायचे. पण पुढे त्या टोकाच्या वस्तीनेच तुला निवडून दिलं, एकदा नाही, पाच वेळा. मंत्री होऊन राजधानीला निघालास, तेव्हा तिथली म्हातारी माणसं रस्त्यात उभी राहून रडली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

तीच वस्ती वाहून गेली रे. अकरा माणसं. आणि धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले नाहीत म्हणून आठ महिने तुझे भाऊजी तुरुंगात आहेत. तीस वर्षं त्या दरवाजांवर नोकरी केली, नुसतं बघून पाण्याची पातळी सांगायचे. त्या सकाळी पाणी धोक्याच्या खुणेपर्यंत आलं, तेव्हाच ते थोडं थोडं सोडायला निघाले होते. पण समारंभ होता ना तुझा! कळ दाबून दरवाजे तू उघडणार, मांडव घातलेला, कॅमेरेवाले ताटकळलेले. आणि तू आधीच्या सभेत अडकलास, तीन तास. तुझी गाडी पोहोचली तेव्हा सगळे दरवाजे एकदम उघडण्यावाचून इलाज उरला नव्हता. सकाळपासून सोडलं असतं तर काही झालं नसतं, हे तुला मी काय सांगायचं? पाणी तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नंतर तू आमच्या स्वयंपाकघरात आलास. पहारेवाले बाहेर, तू खाली फरशीवर. आई गेली तेव्हाही तू असा रडला नव्हतास. म्हणालास, तू पडलास तर नव्या कालव्याचं कामही बंद पडेल. भाऊजींना दोन महिन्यांत सोडवशील. तोवर ताईने फक्त गप्प बसावं. आणि मी मूर्ख, विरघळले. चौकशीत सांगून आले की त्या सकाळी घरी कुणाचाही फोन आला नव्हता.  तुझा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो.

काल ह्यांना भेटायला गेले होते. खोकला वाढलाय, अंगावर मांस राहिलं नाही. जाळीपलीकडून बराच वेळ कोंबड्यांची चौकशी केली. मग हळूच विचारलं, की त्या सकाळी तू खरंच पळत आली होतीस ना, साहेब येईपर्यंत थांबा असं सांगायला? की माझ्याच मनाने घेतलं? टोमणा नव्हता रे तो, खरंच विचारत होते. मी मान खाली घातली आणि वेळ संपायची वाट बघत बसले.

तो फोन तू स्वतः केला होतास, आणि उचलला मी. उद्या अकरा वाजता चौकशीवाल्यांपुढे हे सांगणार आहे, आधी खोटं बोलले तेही. मलाही शिक्षा होईल, असं वकील म्हणाला. होऊ दे. तुझं काय होईल ते कळतंय मला, म्हणून हे पत्र तीनदा फाडलं. बातमी तुला टीव्हीवर कळेलच, पण तुझ्या ताईने असं का केलं, ते तिच्या हातचं वाचावंस म्हणून लिहिलं. पत्र टपालात टाकणार आहे ते मात्र साक्ष देऊन बाहेर आल्यावर. आधी टाकलं तर तू येशील, आणि तू समोर बसलास की मी पुन्हा गप्प बसेन.

तुझीच, पण आता आधी ह्यांची,
ताई