बेंजोवाल्यासाठी एक मत

राजूर कॉलरी,
१२ जानेवारी २०२५

प्रिय रोशनदादा,

सप्रेम जय भीम. आईचा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक. उन्हात बसून लिहितेय. कुठल्याशा गाडीतून उडालेला कापूस अंगणात तरंगतोय, आणि मला आपलं सभागृह आठवतंय.

वणीच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात आपण मनातल्या मनात उभं केलेलं, रॉकच्या थोरांचं. दोघांची मतं पडली तरच आत प्रवेश, आणि प्रश्न एकच: याच्यामुळे पुढे कोण वाजवायला लागलं? गिटारवाल्या हेंड्रिक्सला तू विचार न करता घेतलंस. रोझेटा थार्पसाठी मात्र मला अबोला धरावा लागला. चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारी बाई रॉकमध्ये कशी, म्हणत होतास. मग ऐकलंस आणि स्वतःहून मत दिलंस. अजूनही डोळे मिटले की दिसतं, ही सगळी मंडळी कापसाच्या ढिगांवर पाय पसरून बसली आहेत, पत्र्याच्या फटींतून ऊन येतंय, आणि कुणालाच कुठे जायची घाई नाही.

आता एक नाव सुचवते. हसू नकोस. आपले बाबा.

नीट आठव. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर बसलेले बाबा, मांडीवर बेंजो, मागे फाटका स्पीकर, आणि तो चिरत जाणारा आवाज. पुण्यात तू पेडल दाबून गिटारमधून जो आवाज काढतोस, तो आधी कुठे ऐकलास? भीमगीतं होती, रॉक नव्हतं, असं म्हणू नकोस. थार्पबाईंच्या वेळी ते भांडण मी जिंकलेय.

तू म्हणशील, खाणीतली नोकरी नाकारली म्हणून जो बाप फोनवर बोलत नाही, त्याला मत देऊ? मागच्या वेळी तर म्हणालास, बाप बोलत नाही त्या घरी कशाला येऊ.

दादा, बाबांना ऐकू येत नाही.

इतकी वर्षं खाणीत सुरुंगांजवळ काढली, कान हळूहळू गेले. समोरच्याचे ओठ दिसले तर बोलतात. फोनवर काहीच कळत नाही, म्हणून तुझं नाव दिसलं की उठून अंगणात जातात. "त्याले फोनवर सांगू नको," म्हणाले, "हातचं काम टाकून पयत येईन तो." मी कबूल केलं. पत्राबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.

त्यांना राग होता, खोटं कशाला बोलू. पण तो तू गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच निवला. आता संध्याकाळी ते बेंजो घेतात, वाकून हनुवटी लाकडावर टेकवतात आणि वाजवतात. "हाडातून येते थोडं थोडं," म्हणतात. परवा तुझ्या बँडचा व्हिडिओ लावून दिला, तर तुझ्या बोटांकडेच बघत बसले. "हात तं माहाच आहे याचा," म्हणाले. मला तिथे बसवेना. मी भांडी घासायला निघून गेले.

माझं मत बाबांना. तुझं मला कळवू नकोस, त्यांनाच सांग. फोनवर नाही. इथे ये, समोर बस आणि सावकाश बोल, म्हणजे त्यांना तुझे ओठ दिसतील.

तुम्हा दोघांच्या मधे उभी राहून दमलेली,
उर्वशी