तीन भिंतींचं स्वयंपाकघर

४ फेब्रुवारी
माझ्यावर सिनेमा काढतायत! डायरेक्टर म्हणतो, त्यात प्रेम, आठवण आणि लढा असं सगळं असणार. मी म्हटलं, बाबा, एवढंच दाखव— तिघं पोलीस आले आणि ह्यांना भरल्या ताटावरून उठवून घेऊन गेले. सरकार अजून म्हणतं, कोणी आलंच नव्हतं, माणूस आपणहून पळाला. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, उत्तर तेच. एक साहेब तर दात काढून म्हणाला होता, "बाई, तुमच्या तोंडाला कंटाळला असेल!"

९ फेब्रुवारी
गोदामात माझं स्वयंपाकघर उभं केलंय. हुबेहूब! फक्त भिंती तीनच, चौथीच्या जागी कॅमेरा. मला सल्लागार म्हणून खुर्ची दिलीय. सल्ला कोणी विचारत नाही.

१० फेब्रुवारी
आमचे खोटे हे आले. मुलाच्या वयाचे! मिशी चिकटवलेली, घामानं सारखी सुटते. तरी ताटावरून त्यांनी मान वर केली, अगदी ह्यांच्यासारखी. मी चटकन केस सारखे केले. या वयात!
खोटी मी शेजारी बसली होती. मेली दिसायला फारच छान आहे. मी तिच्याशी बोलत नाही.

१२ फेब्रुवारी
आज नेण्याचा सीन होता. दारावर थाप पडली आणि मला काय झालं देव जाणे— खुर्चीवरून उठले, आत शिरले, कडी लावली! बाहेर खोटे पोलीस. "मावशी, कडी काढा ना." नाही काढत, जा! अहो, चौथी भिंतच नाही, वळसा घालून सरळ आत येता आलं असतं. पण नाही! दारच बडवत बसले. डायरेक्टरही त्यांच्यामागे उभा राहून दारालाच हात जोडत होता.
मी खोट्या ह्यांचा हात धरला. म्हटलं, "उठा. ताट राहू द्या." आणि निघालो उघड्या बाजूनं, कॅमेऱ्यासमोरून, थेट गोदामाबाहेर! मिशी वाटेत पडली. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मी खरंच जेवलो नाहीये हो." घरी आणून पोटभर वाढलं. वाचवलं मी त्यांना! वाचवलं!

१३ फेब्रुवारी
कॅमेरा चालूच होता म्हणे. डायरेक्टर नाचतोय— "मावशी, हाच शेवट ठेवणार!" मीही नाचले. गुडघे दुखतायत.

२६ मार्च
सिनेमा पास. एक कात्री नाही लागली! सरकारी मंडळाच्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डायरेक्टर फोनवर ओरडत होता, "देशभर फुकट दाखवणार आहेत! साहेब म्हणाले, शेवटी खरं बाहेर आलं— माणूस पळालाच होता!"
भाजी करपली. वास आला तरी उठवेना. इतकी वर्षं सरकारला सिद्ध करता आलं नाही, ते मी एका दुपारी करून दिलं.

२७ मार्च
सकाळपासून डायरेक्टरच्या दारात बसले. "अहो, पास झालेला सिनेमा कोणी पुन्हा काढतं का? वेड लागलंय का तुम्हाला?" हो, लागलंय! दुपारी खोटी मी येऊन शेजारी बसली. दोघींपुरता डबा आणला होता. म्हणाली, शेवट पुन्हा काढेपर्यंत मीही उठणार नाही. बरी आहे मुलगी.

२ एप्रिल
आज तिघं आले. कडी मीच काढून ठेवली होती. ह्यांना भरल्या ताटावरून नेलं. मी खुर्चीतून हलले नाही.
डायरेक्टर म्हणाला, "कट."
मी म्हटलं, पुन्हा घे. त्या तिघांची तोंडं नीट दिसली नाहीत.