सुनकेसरीची तारीफ

आल्डरशॉट, मंगळवार

दिदी, तुझ्या पायांवर डोकं ठेवते. तुझा गुडघा, म्हैस आणि तुझे यजमान भिनाजू यांचा खोकला, तिन्ही बरे आहेत असं धरून चालते. माझं बरं आहे. (हे गेल्यापासून कुणी विचारलं की मी एवढंच सांगते.)

व्हिसाच्या अपिलाची सुनावणी झाली. आपली सुनकेसरी तेहतीस वर्षांची, म्हणजे सरकारच्या मते तिची आईची गरज संपली. ती अजून माझ्यावर अवलंबून आहे, चारचौघी मायलेकींपेक्षा जास्त, हे पटलं तरच तिला गावाहून इथे विलायतेत येता येईल. वकीलबाईंनी मला चांगलं पढवलं होतं. पण सरकारच्या बाजूचा माणूस उठला, कोट सारखा केला आणि अदबीने म्हणाला, "मुलगी घरात काय काय करते?" आता तूच सांग, कोटातला परका पुरुष बिनलग्नाच्या मुलीबद्दल असं विचारतो तेव्हा आपल्याकडे आई काय करते? माझी जीभ सुटली. म्हटलं, साहेब, भात लावते, शेळ्या एकटी सांभाळते, तिच्या हातच्या नाचणीच्या दारूसाठी, रक्सीसाठी, वरच्या गावातून माणसं येतात. "म्हणजे कुणावर भार नाही?" "छे, उलट मावशीचं घर तीच चालवते." तो मुलाच्या बापासारखा मान डोलवत होता आणि मी तारीफ वाढतच होते. दुभाषी राईबाई हळूच म्हणाली, "आमा, पुरे." वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

नंतर चहाच्या यंत्रापाशी तोच भेटला. राईबाईकरवी विचारलं, घरी मुलं किती? (एवढं सांगितल्यावर विचारणं आलंच.) म्हणाला, एकच मुलगा, एकतिसाचा, आमच्याकडेच राहतो, आई घरी नसली तर जेवतसुद्धा नाही. कौतुकाने सांगत होता. वकीलबाई म्हणाल्या, हे न्यायाधीशांपुढे नेता येत नाही.

निकाल यायचा आहे.

तुझी धाकटी,
धनसरी

ता. क. घरच्या वडीलधाऱ्यांचं पत्र जोडायला न्यायाधीशांनी मुदत दिली आहे. ते तू लिही. सकाळी माझा फोन आल्याशिवाय सुनकेसरी घास घेत नाही, आणि पावसात लाइन बंद पडली तेव्हा दिवस मावळेपर्यंत उपाशी अंगणात बसून होती, हे तूच मला सांगितलं होतंस. तिथे माझ्या तोंडून निघालं नाही. मुलीचं असलं काही कुणी पाहुण्यांना सांगतं का?

आणखी ता. क. त्या दिवशी मीही जेवले नव्हते. ते मात्र लिहू नकोस. पत्र टाकायला सुनकेसरीच जाईल, आणि वाचल्याशिवाय राहणार नाही.